वस्तीत गोवर निघालाय? संपर्कातली मुलं शोधायला जाण्याआधी हे वाचा

नर्सिंगचे आणि समाजकार्याचे विद्यार्थी, संस्थांचे नवे कार्यकर्ते, आशाताईंसोबत पहिल्यांदाच गोवराच्या सर्वेक्षणाला निघालेले स्वयंसेवक, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. पुण्यातल्या वस्त्यांमध्ये मी हे काम केलंय. प्रशिक्षणात दोन तासांत बरंच काही सांगतात, पण गल्लीत उभं राहिल्यावर नेमकं कुठून सुरू करायचं ते कळत नाही. त्यासाठी हा क्रम.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कोविडच्या दिवसांत संपर्क शोधायचे म्हणजे माणसं शोधून त्यांना वेगळं ठेवायचं, असं आपल्याला वाटायला लागलं. गोवरात एवढ्याने भागत नाही. लस नसलेल्या लोकांत गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना आजार देतो. रुग्ण खोलीतून निघून गेला तरी विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. जवळ वावरलेल्या, लस न झालेल्या दहा मुलांपैकी नऊ जणांना लागण होते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात, दहा-वीस घरांत एक संडास असतो, तिथे 'मुलाला वेगळ्या खोलीत ठेवा' असं सांगून काय होणार? पण गोवरावर लस आहे आणि ती संपर्क झाल्यानंतरही वेळेत दिली तर उपयोगी पडते. म्हणून आपली यादी ही मुख्यतः लस चुकलेल्या मुलांची यादी असते. बाकी सगळी माहिती त्या मुलांपर्यंत लवकर पोहोचण्यासाठी.

श्रीमंत देशांत एक रुग्ण सापडला की आरोग्य विभाग शेकडो लोकांना एकेक करून फोन लावतो. काँगोसारख्या देशात, जिथे २०१९ च्या साथीत तीन लाखांवर संशयित रुग्ण आणि सहा हजारांच्या आसपास मृत्यू नोंदले गेले, तिथे हे शक्यच नसतं. साथ पसरली की अशा ठिकाणी रुग्ण शोधणं, उपचार देणं आणि सरसकट लसीकरण यालाच प्राधान्य द्यावं लागतं. आपण या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहोत. पहिल्या काही रुग्णांच्या वेळी घर न् घर शोधायची ताकद आपल्याकडे आहे, आणि ती तेव्हाच वापरायची.

१. आधी स्वतःचं बघा

तुमचे गोवराच्या लशीचे दोन डोस झालेत का, की लहानपणी नक्की गोवर येऊन गेलाय? दोन्ही माहीत नसेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून लस घ्या, मगच वस्तीत जा. गरोदर असाल आणि संरक्षण आहे याची खात्री नसेल, तर या कामाला जाऊ नका. गरोदरपणात ही लस देता येत नाही आणि आजार आईला नि बाळाला दोघांनाही धोक्याचा आहे. कार्यालयात बसून फोनवरून पाठपुरावा करायलाही माणूस लागतोच.

२. पिशवीत काय हवं

- ओळखपत्र आणि मनपा दवाखान्याचं किंवा संस्थेचं पत्र
- रुग्णांची यादी आणि संपर्कांची यादी, दोन्हींचे वेगवेगळे कागद
- मोठ्या चौकोनांचं भिंतीवरचं कॅलेंडर, ज्यावर सण आणि चतुर्थी-अमावास्या छापलेल्या असतात
- आशाताईंची घरांची नोंदवही किंवा तिची झेरॉक्स, आणि वस्तीचा हाताने काढलेला नकाशा
- खडू, पेन, मास्क (चार जास्तीचे, खोकणाऱ्या मुलासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी)
- दवाखान्याचा फोन नंबर, लसीकरण सत्राची वेळ आणि जागा लिहिलेल्या चिठ्ठ्या

आधारकार्ड मागू नका. कागद नसलेलं कुटुंब तिथेच दार लावून घेतं, आणि लस चुकलेली मुलं बहुतेक वेळा त्याच घरात असतात. घरच्यांकडून बघायचं ते एकच, लशींच्या नोंदी असलेलं माता व बाल संरक्षण कार्ड. ते गावी राहिलं असेल तर गावातल्या कुणाला तरी फोन करून त्याचा फोटो मागवता येतो.

३. रुग्ण कोणाला म्हणायचं

ताप आणि अंगावर लाल, सपाट किंवा किंचित उठलेलं, पाण्याचे फोड नसलेलं पुरळ, एवढं दिसलं की संशयित रुग्ण म्हणून नोंद करायची. जोडीला खोकला, वाहतं नाक, लाल डोळे असले तर संशय आणखी बळावतो. पुरळ कानामागे आणि केसांच्या कडेला सुरू होऊन खाली उतरतं. सावळ्या अंगावर ते लाल दिसेलच असं नाही. मुलाला उजेडात घ्या, कानामागे बघा, हात फिरवला तर खरखरीत लागतं. फोडांत पाणी असेल तर बहुधा कांजिण्या.

रक्ताचा अहवाल येईपर्यंत थांबू नका. पुरळ आल्यापासून २८ दिवसांपर्यंत रक्ताचा नमुना घेता येतो, पण पहिल्या दोन-तीन दिवसांत घेतलेला नमुना गोवर असूनही निगेटिव्ह येऊ शकतो. नमुना कधी नि कोणाचा घ्यायचा ते वैद्यकीय अधिकारी ठरवतील. वस्तीतली साथ गोवराचीच आहे हे काही नमुन्यांवरून सिद्ध झालं, की पुढच्या प्रत्येक मुलाच्या दंडाला सुई टोचायची गरज उरत नाही.

एक अडचण हमखास येते. एमआर (गोवर-रुबेला) लस दिल्यावर साधारण आठवड्याने काही मुलांना हलका ताप आणि पुरळ येतं. लसीकरण मोहीम सुरू असताना 'लशीनेच गोवर आला' अशी बोंब उठते ती यातूनच. अशा मुलाची नोंद करा, लस कोणत्या तारखेला दिली ते ठळक लिहा, आणि निर्णय डॉक्टरांवर सोडा. दारात उभं राहून वाद घालू नका.

४. कॅलेंडरवर तीन पट्टे काढा

सगळं काम पुरळ पहिल्यांदा दिसलेल्या तारखेवर उभं आहे. ताप आलेली तारीख वेगळी, दवाखान्यात नेलेली तारीख वेगळी. नव्या माणसाकडून या तिन्हींची सरमिसळ होते आणि पुढची सगळी गणितं चुकतात.

समजा पुरळ २० जानेवारीला दिसलं.

पहिला पट्टा, इतरांना लागण देण्याचा काळ: पुरळाच्या आधीचे चार दिवस आणि नंतरचे चार दिवस, म्हणजे १६ ते २४ जानेवारी. या दिवसांत मूल जिथे जिथे गेलं, तिथली माणसं म्हणजे संपर्क. पुरळ दिसायच्या आधीचे चार दिवस लोक विसरतात, कारण तेव्हा मुलाला 'नुसती सर्दी' होती आणि ते अंगणवाडीत, लग्नात, सगळीकडे गेलेलं असतं.

दुसरा पट्टा, लागण कुठून आली त्याचा काळ: पुरळाच्या ७ ते २१ दिवस आधी, म्हणजे ३० डिसेंबर ते १३ जानेवारी.

तिसरा पट्टा प्रत्येक संपर्काचा वेगळा: रुग्णाशी शेवटचा संबंध आल्यापासून २१ दिवस लक्ष ठेवायचं. शेजारची मुलगी १८ तारखेला शेवटची खेळायला आली असेल, तर तिच्यावर ८ फेब्रुवारीपर्यंत.

छापील सणवारांचं कॅलेंडर मी मुद्दाम सांगितलं. 'पुरळ कधी आलं?' याचं उत्तर 'झाले आठ-दहा दिवस' असं येतं. 'संक्रांतीच्या आधी की नंतर? तिळगूळ वाटला तेव्हा अंगावर होतं का?' असं विचारलं की तारीख सापडते. ज्या घरी संक्रांत पाळत नाहीत तिथे पगाराचा दिवस विचारा, जुम्म्याचा विचारा, पुण्यात बऱ्याचदा गुरुवारी पाणी बंद असतं त्याचा विचारा. आठवणीला धरायला काहीतरी लागतं.

५. दारात काय बोलायचं

वेळ आधी ठरवा. धुणीभांड्याला जाणाऱ्या बायका सकाळी आठलाच बाहेर पडतात, दुपारी घराला कुलूप किंवा घरात फक्त मोठी बहीण. नळाला पाणी येण्याची वेळ उत्तम, सगळ्या बायका तिथेच भेटतात, पण हंडा भरत असलेल्या बाईला फॉर्म भरायला लावू नका. नाव विचारा, घर विचारा, 'अर्ध्या तासाने येते' म्हणा आणि खरंच जा. बांधकामाच्या लेबर कॅम्पवर अंधार पडल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशीच माणसं भेटतात. तिथे ठेकेदाराला आधी विश्वासात घ्या, नाहीतर रुग्ण निघाला म्हणून अख्खं कुटुंब दुसऱ्या साइटवर हलवलं जातं आणि गोवर त्यांच्यासोबत जातो.

आशाताई सोबत हव्यातच. पुण्यात घरात शिरून रुग्ण शोधण्याचा इतिहास वाईट आहे. १८९७ च्या प्लेगात गोऱ्या सोजिरांनी घरं धुंडाळली, त्यातून पेटलेल्या संतापात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. आजही अनोळखी माणूस वही घेऊन दारात उभा राहिला की 'झोपडी पाडायचा सर्व्हे आहे का?' हा प्रश्न येतो. उंबऱ्याबाहेर थांबा, आत बोलावलं तर जा.

सुरुवात मुलाच्या तब्येतीपासून करा. 'ताई, बाळ कसं आहे आता? दूध पितंय का? डोळे चिकटतात का सकाळी?' मग हळूहळू मागच्या दिवसांकडे. 'कुठे कुठे गेला होतात?' हा प्रश्न विचारू नका, 'कुठंच नाही' असंच उत्तर येतं. दिवस धरून विचारा:

'शनिवारी सकाळी बाळाला कोणी सांभाळलं? तुम्ही कामाला गेलात तेव्हा कुणाकडे ठेवलं होतं?'
'ताप आल्यावर आधी कोणत्या डॉक्टरकडे नेलं? तिथे किती वेळ बसलात? शेजारी लहान मूल होतं का कुणी?'
'घरी पाहुणे आले होते का? तुम्ही कुणाकडे गेलात?'
'मोठी मुलं कोणत्या शाळेत? शिकवणीला जातात का? रिक्षात सोबत कोण असतं?'

डॉक्टरांच्या प्रश्नावर जास्त वेळ द्या. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या छोट्या क्लिनिकमध्ये बाकावर पाच-सहा आया मांडीवर मुलं घेऊन बसलेल्या असतात. त्यातली काही सहा-सात महिन्यांची, म्हणजे लशीचं वय न झालेली. आपला रुग्ण उठून गेल्यानंतर दोन तासांत तिथे आलेलं मूलही संपर्कच धरायचं. त्या डॉक्टरांना जाऊन भेटा, त्या दिवशीच्या पेशंटची वही बघू द्या अशी विनंती करा. बहुतेक जण दाखवतात. शेजारच्या मेडिकलवाल्यालाही विचारा की 'पुरळाचं औषध' मागायला अलीकडे कोण कोण आलं. डॉक्टरकडे न गेलेली घरं तिथे कळतात.

काही घरांत गोवर म्हणजे देवीचं येणं मानतात. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावलेला दिसला तर घरात आजारी मूल असेल हे ओळखा. डहाळ्याने काही बिघडत नाही, त्यावर बोलूही नका. बिघडतं ते 'गोवर पूर्ण बाहेर पडू दे' म्हणून औषध थांबवण्याने आणि पथ्याच्या नावाखाली मुलाचं खाणं-पिणं तोडण्याने. तेवढंच प्रेमाने सांगा, आणि आजीला सांगा. निर्णय तिचा असतो.

रुग्णाचं नाव शेजाऱ्याला सांगू नका. 'गल्लीत ताप-पुरळाची मुलं आहेत, म्हणून सगळ्यांची कार्डं बघतोय' एवढं पुरेसं आहे. मुलाचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं कडक बंद. वस्तीची बदनामी झाली की पुढच्या दहा घरांत मुलं लपवली जातात.

६. यादीत कोण आधी

सगळे संपर्क सारखे नसतात आणि हाताशी वेळ थोडा असतो. घरातली आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांतली पाच वर्षांखालची, लस न झालेली मुलं सगळ्यात आधी. त्यांच्यासोबतच कुपोषित मुलं, एचआयव्ही किंवा इतर कारणाने प्रतिकारशक्ती कमी असलेली मुलं, तान्ही बाळं आणि गरोदर बायका. तान्ही बाळं, प्रतिकारशक्ती कमी असलेली मुलं आणि संरक्षण नसलेल्या गरोदर बायका यांची माहिती त्याच दिवशी डॉक्टरांना फोनवर कळवा. संपर्कानंतर सहा दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देण्याचा विचार मोठ्या रुग्णालयात होऊ शकतो. त्यानंतर अंगणवाडी आणि क्लिनिकमधली मुलं. शाळेतली मोठी मुलं, ज्यांचे दोन्ही डोस कार्डावर दिसतात, ती शेवटी.

'लस झालीय' हे तोंडी उत्तर तसंच लिहून घेऊ नका. पोलिओचे थेंब पाजले की लस झाली असं अनेक घरांत समजतात. कार्ड नसेल तर विचारा, 'नऊ महिन्यांनंतर उजव्या दंडाला सुई दिली होती का? मग दीड वर्षाच्या आसपास परत?' आणि एकच डोस झालेलं मूल पूर्ण सुरक्षित धरू नका. नऊ महिन्यांना दिलेल्या डोसने शंभरातल्या साधारण ८५ मुलांनाच संरक्षण मिळतं, दुसरा डोस त्यासाठीच असतो.

७. ७२ तास

संपर्क झाल्यापासून ७२ तासांच्या आत लस मिळाली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होऊ शकतो. हे ७२ तास पहिल्या संपर्कापासून मोजायचे. घरातल्या भावंडांसाठी ही वेळ बहुतेकदा निघून गेलेली असते, कारण पुरळ दिसण्याआधीच चार दिवस गेले. तरी त्यांना लस द्यायचीच, यावेळी लागण झाली नसेल तर पुढच्या वेळी कामी येते. क्लिनिकमध्ये परवा भेटलेल्या मुलासाठी मात्र तास न् तास मोलाचा आहे. यादी संध्याकाळपर्यंत पूर्ण करून मग द्यावी असं करू नका, पाच नावं झाली की फोन करा.

भारतात एमआरचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत देतात. पाच वर्षांपर्यंत चुकलेला डोस भरून काढता येतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला, भिवंडीला, मालेगावला साथ आली तेव्हा केंद्र सरकारने बाधित भागांत ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना एक जादा डोस देण्याचा विचार करावा असं राज्यांना कळवलं, आणि जिथे नऊ महिन्यांखालच्या बाळांत रुग्ण जास्त होते तिथे सहा महिन्यांपासून एक आगाऊ डोस सुचवला. असे आदेश साथीप्रमाणे निघतात, स्वतःच्या मनाने वय खाली आणू नका. आणि हा आगाऊ डोस मोजायचा नसतो, पुढचे दोन ठरल्याप्रमाणे घ्यावेच लागतात. हे आईला तीनदा सांगा आणि कार्डावर लिहा.

सर्दी, हलका ताप, जुलाब किंवा मूल बारीक आहे म्हणून लस नाकारली गेली अशी मुलं जागोजागी भेटतात. यातलं एकही कारण लस टाळायला पुरेसं नाही. कुपोषित मुलाला तर ती आधी मिळायला हवी. आणखी एक कारण असतं, जे आईला सांगितलं जात नाही. एमआरच्या एका बाटलीत अनेक डोस असतात आणि ती एकदा मिसळली की चार तासांत संपवावी किंवा टाकून द्यावी लागते. एका मुलासाठी बाटली फोडायला हात धजत नाही, आणि 'पुढच्या बुधवारी या' असं सांगितलं जातं. साथीत असं चालत नाही. जगातल्या कितीतरी देशांच्या मुलांना दिली जाणारी गोवराची लस हडपसरच्या सीरममध्ये तयार होते. त्याच शहरातल्या मुलाला बाटली वाया जाईल म्हणून परत पाठवणं मला सहन होत नाही.

सामोआत २०१९ मध्ये साथ आली तेव्हा लस हवी असलेल्या घरांनी दाराबाहेर लाल कापड लावायचं आणि पथकांनी घरी जाऊन लस द्यायची अशी पद्धत ठेवली होती. दोन लाख वस्तीच्या त्या देशात ८३ माणसं गेली, बहुतेक लहान मुलं. आपल्याकडे पोलिओ मोहिमेत दारावर खडूने खुणा करायची सवय आहे. कुलूपबंद घर, नकार दिलेलं घर आणि लस बाकी असलेलं घर यांना वेगळ्या खुणा ठरवा, आणि त्या खुणांचा अर्थ फक्त तुमच्या पथकालाच माहीत असू द्या.

८. आजारी मूल समोर असेल तर

यादी बाजूला ठेवा. गोवराच्या प्रत्येक मुलाला जीवनसत्त्व 'अ'चे दोन डोस मिळायला हवेत, लागोपाठ दोन दिवस. सहा महिन्यांखाली ५० हजार युनिट, ६ ते ११ महिने १ लाख, वर्षावरील मुलांना २ लाख. देण्याचं काम आरोग्य कर्मचाऱ्यांचं, दुसऱ्या दिवसाचा डोस चुकत नाही ना हे बघण्याचं काम तुमचं. 'मागच्या महिन्यात अंगणवाडीत पाजलंय' म्हणून तो टाळायचा नाही. डोळ्यावर परिणाम झाला असेल तर काही आठवड्यांनी तिसरा लागतो.

श्वास जोरात चालणं, छाती आत ओढली जाणं, काहीच न पिणं, झटके, गुंगी, बुबुळ पांढुरकं दिसणं, यातलं एकही लक्षण दिसलं तर लगेच १०८ ला फोन. गोवरात मुलं दगावतात ती मुख्यतः न्यूमोनियाने, आणि पुरळ मावळायला लागल्यावर घरचे निर्धास्त होतात त्याच दिवसांत. रुग्णालयात आधी कळवा, म्हणजे मुलाला बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत बसवणार नाहीत. घरी असेल तर पुरळ आल्यापासून चार दिवस शाळा, अंगणवाडी, बाजार बंद. अंगावर पाजणं चालू, पातळ खाणं थोडं थोडं सारखं.

९. मागे जा

दुसरा पट्टा इथे कामाला येतो. ७ ते २१ दिवसांपूर्वी मूल कुठे होतं? गावच्या जत्रेला, दुसऱ्या शहरातल्या मावशीकडे, की त्याच क्लिनिकच्या बाकावर? उत्तर पुण्याबाहेरचं असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत तिकडे कळवलं जातं. उत्तर मिळालंच नाही तर वस्तीत आणखी एक रुग्ण आहे जो आपल्याला सापडलेला नाही, असं धरून पुन्हा फिरा. वीटभट्टी, बांधकामाची साइट, सोसायटीच्या पार्किंगमधली वॉचमनची खोली, या जागा आशाताईंच्या वहीत नसतात. मजूर अड्ड्यावर सकाळी विचारपूस केली तर कोण नवीन आलंय ते कळतं.

१०. एकवीस दिवस, आणि त्यानंतर

प्रत्येक संपर्काकडे रोज जाणं जमत नाही. लस न मिळालेल्यांना दिवसाआड भेट, बाकीच्यांना फोन, आणि आईला एकच सूचना: ताप आला की पुरळाची वाट न बघता कळवा, मुलाला बाहेर नेऊ नका. फोन नंबर घेताना दोन घ्या, एक घरचा आणि एक शेजारचा किंवा ठेकेदाराचा. रिचार्ज संपलेले फोन फार असतात.

रुग्ण झपाट्याने वाढायला लागले, यादी हाताबाहेर गेली, तर एकेक संपर्क शोधणं थांबवण्याचा निर्णय अधिकारी घेतील. तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या नकाशावर कोणत्या गल्लीत लस चुकलेली मुलं जास्त आहेत ते दिसत असतं, आणि घरोघरी लसीकरणाचं पथक कुठून सुरू करायचं हे त्यावरून ठरतं.

शेवटच्या रुग्णाच्या पुरळानंतर सहा-सात आठवडे नवा रुग्ण नसेल तर साथ संपली असं धरतात. यादी तेव्हा फाइलला लावून टाकू नका. ज्या मुलांना साथीत पहिला डोस मिळाला त्यांची नावं दुसऱ्या डोसच्या तारखेसह आशाताईंच्या वहीत स्वतः उतरवून द्या. घर बदललेल्या कुटुंबांना नव्या पत्त्याजवळचा दवाखाना फोनवर सांगा, आणि तिथल्या आशाताईंना मुलाचं नाव कळवा.